चिंचेखालची घागर

वर्गातली खिडकीजवळची जागा संस्कृतीनं पाचवीपासून कुणाला दिली नव्हती. भांडून नाही, नुसतं लवकर येऊन. त्या खिडकीतून दौलताबादचा किल्ला दिसायचा, पायथ्याचा मिनार दिसायचा, आणि दोघांच्या डोक्यावर जे काय चाललेलं असेल ते सगळं दिसायचं. पावसाळ्यात किल्ल्याच्या डोंगरावर ढग असा बसायचा, जशी अंड्यांवर कोंबडी. पंख पसरून, डोळे अर्धे मिटून, कुणी हुसकलं तरी न उठणारी. संस्कृती बघत बसायची आणि तिला वाटायचं, आता कधीतरी डोंगर फुटणार आणि आतून लहान लहान पिवळे डोंगर चिवचिवत बाहेर येणार.

हे ती कुणाला सांगत नसे. आठवीपर्यंत ही पोरगी तोंड उघडायची ती फक्त डबा खायला. मग यंदा पंधरा ऑगस्टला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, आणि सरिता मॅडमनी समोर दिसली म्हणून हिच्या हातात माईक दिला. शहरात आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं, तेव्हा आधी नुसती हवा फुरफुरते आणि मग एकदम अशी धार लागते की बादली कमी पडते. अगदी तसं झालं. तेव्हापासून नववीतली संस्कृती बोलायची थांबली नव्हती. सकाळी आरशापुढं बोलायची, शाळेच्या वाटेवर सीताफळांच्या झाडांशी बोलायची, आणि स्वतःचा आवाज ऐकून स्वतःच खूश व्हायची.

ऑक्टोबर लागला, परतीच्या पावसाचे ढग दुपारी-दुपारी जमायला लागले आणि शाळेत आपत्ती व्यवस्थापन सप्ताह आला. सरिता मॅडम शहरातून स्कूटीवर यायच्या. त्यांनी आपलं हेल्मेट टेबलावर उलटं ठेवलं, त्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि नववीच्या वर्गाला म्हणाल्या, "एकेकानं चिठ्ठी उचला. जी आपत्ती निघेल ती चौथीच्या मुलांना शिकवायची. वाचून दाखवायची नाही, शिकवायची. शेवटी सराव घ्यायचा."

ऋतुराजला त्सुनामी निघाली. तो उभा राहून म्हणाला, "मॅडम, समुद्र तिकडं मुंबईला. त्सुनामीला दौलताबादला यायचं म्हणलं तर घाट चढावा लागंल तिला. दम लागंल."

"मग दम लागलेली त्सुनामी शिकव," मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले. संस्कृतीही हसत-हसतच पुढं गेली आणि तिनं चिठ्ठी उघडली. आत दोनच अक्षरं होती. वीज. ती वाचली आणि तिच्या डोळ्यांपुढं चिंच उभी राहिली.

ती चिंच अप्पारावांच्या शेतात होती, रेल्वेच्या रुळांपलीकडं, बांधावर. संस्कृतीची आई साळूबाई त्या शेतात सहा-सात बायांबरोबर कपाशी वेचायला जायची. बायांच्या भाकरी चिंचेच्या फांदीला टांगलेल्या, प्यायच्या पाण्याची घागर तिच्या बुडाशी, आणि ढग गडगडला की बायाही तिथंच. मागच्या वर्षी याच दिवसांत कारभारी काकांच्या दोन शेळ्या बाभळीखाली वीज पडून गेल्या. अंगावर ओरखडा नाही, झोपल्यासारख्या पडलेल्या. संस्कृती बघायला गेली होती. त्या दिवसापासून ढग बघताना तिच्या मनाचा एक कोपरा कायम त्या बांधावर उभा असायचा. बाप कंपनीत शिफ्टवर, वाळूजला. बोलायचं ते आईशीच. पण तिनं विषय काढला की आई म्हणायची, "झाडाखाली नाय तर कुठं उभं राहू? तुह्या दप्तरात?"

म्हणजे चौथीची एकतीस पोरं नावाला. शिकवायचं होतं एकाच बाईला, आणि ती बाई शाळेत येत नव्हती.

तरी संस्कृतीनं शिकवलं मात्र झोकात. फळ्यावर ढग काढला आणि पोरांना म्हणाली, "वीज म्हणजे लई उतावळी. तिला वरून खाली यायची घाई असते, पण अंधारात पायऱ्या दिसत नाहीत. मग जे सगळ्यात उंच असेल त्याचा हात धरून ती उतरते. झाड उंच असलं तर झाडाचा. मोकळ्या रानात तुम्हीच उंच असलात तर तुमचा."

एकतीस तोंडं उघडी राहिली. पहिल्या बाकावर दोन लाल रिबिनींची सोनिया बसली होती, अप्पारावांची नात. तिनं विचारलं, "ताई, तिला हात नाही दिला तर?"

"तर ती दुसऱ्याचा धरंल. म्हणून आपण पक्क्या घरात जायचं, दार लावायचं. आणि ती किती लांब आहे ते कळतं. चमकली की मोजायचं. एक, दोन, तीन. तिसाच्या आत गडगडलं तर समजायचं, ती आपल्याच गल्लीत आहे."

मग सगळ्यांनी मोजलं. संस्कृती टाळी वाजवून चमकायची, पोरं मोजायची, कुणीतरी बाक बडवून गडगडायचं. चार दिवसांत पोरांना सगळं पाठ. झाडाखाली उभं राहायचं का? नाही. खांबाला टेकायचं का? नाही. घंटा घाईघाईनं वाजली की काय करायचं? वर्गात पळायचं. एकतीस आवाज एका सुरात, आणि संस्कृतीला वाटायचं की आपण जमिनीपासून वीतभर वर चालतोय.

शुक्रवारी सराव होता. चौथीची पोरं मैदानावर सोडली. सगळी शाळा व्हरांड्यात बघायला. मैदानाच्या मधोमध जुना कडुलिंब होता आणि त्याच्या फांदीला रुळाचा तुकडा साखळीनं टांगलेला. तीच शाळेची घंटा. शिपाई कडुबा मामांनी हातोडी उचलली आणि टण टण टण टण सुरू केलं.

पोरं पळाली. काय पळाली. चपला मागं राहिल्या, धूळ उडाली, आणि एकतीसच्या एकतीस पोरं थेट लिंबाखाली जाऊन उंचीप्रमाणं रांगेत उभी राहिली. हात जोडले. डोळे मिटले. सोनियानं प्रार्थना सुरू केली.

व्हरांड्यात आधी कुणाला कळलंच नाही. मग जो हशा उसळला, तो पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. ऋतुराज म्हणाला, "बरोबर आहे, संस्कृती. वीज खाली बघंल, म्हणंल प्रार्थना चालू आहे, नंतर येते."

सरिता मॅडमनी ओठ दाबून वहीत मान घातली. संस्कृतीला आठवीपर्यंतचा जुना मुकेपणा पुन्हा गाठायला लागला. ती चालत लिंबाखाली गेली, कारण व्हरांड्यात उभं राहणं त्याहून अवघड होतं.

"सोनिया," ती हळूच म्हणाली, "झाडाखाली उभं राहायचं का?"

"नाही," सोनिया डोळे मिटूनच म्हणाली.

"मग तू कुठं उभी आहेस?"

सोनियानं डोळे उघडले. वर बघितलं. पानांतून उन्हाचे ठिपके तिच्या गालांवर हलत होते. ती खरंच चकित झाली होती, जणू झाडच चालत तिच्या डोक्यावर आलं होतं.

"घंटा वाजली ना ताई," ती म्हणाली.

संस्कृती तिच्याकडं बघत राहिली. लिंबाची सावली, रांगेत उभी पोरं, जोडलेले हात. हळूहळू रिबिनींच्या जागी पदर आले, लिंबाची बारीक पानं चिंचेची झाली, आणि रांगेत सगळ्यात शेवटी तिची आई उभी होती. तोंडानं पोरं बरोबर बोलली होती. पण पायांना कुणी शिकवलंच नव्हतं. पहिलीपासून रोज सकाळी घंटा वाजली की पाय लिंबाखाली येत होते, आणि पायांना चार दिवसांचा धडा कशाला ऐकू येतोय. पाय घंटेकडं जातात. मग आईचे पाय कशाकडं जातात?

ती घंटेकडं वळली.

"मामा," ती कडुबा मामांना म्हणाली, "ही घंटा इथून हलवायची."

मामांनी हातोडी छातीशी धरली. "तीस वर्सं झाली घंटा इथं हाय. हा लिंब तिच्या आवाजावर वाढलाय, पोरी. हेडमास्तर बदलले सात, घंटा नाय बदलली."

"बरं. खरा ढग आला, तुम्ही घंटा वाजवली, पोरं सगळी आत गेली. मग तुम्ही कुठं?"

"मी? मी वाजवत…" मामा थांबले. त्यांनी साखळीकडं बघितलं, मग फांदीकडं, मग आभाळाकडं. "ह्या बाजूनं कधी इचारच नाय केला म्या," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी रूळ व्हरांड्यात आला. साखळी मात्र निघेना. तीस वर्षांत लिंबानं तिच्या दोन कड्या सालीत गिळून टाकल्या होत्या. मामांनी कानशीनं ती कापली आणि तेवढ्या कड्या झाडाकडंच ठेवल्या. दुपारी पुन्हा टण टण झालं. सात-आठ पोरं सवयीनं लिंबाकडं वळली, आवाज भलतीकडून येतोय हे कानांना कळलं आणि निम्म्या वाटेतून गर्रकन फिरली. एकतीस पोरं वर्गात. मॅडमनी फोटो काढला. ऋतुराज म्हणाला, "आमची त्सुनामी अजून कसारा घाटातच आहे, तुमची वीज पास झाली." त्याच्याकडून हे फारच झालं.

पण चिंच होती तिथंच होती.

रविवारी संस्कृती आईबरोबर शेतात गेली. कपाशी फुटून रानभर पांढरं पांढरं पसरलेलं. दुपारी तीनच्या सुमाराला किल्ल्यामागून ढग निघाला. ही बसलेली कोंबडी नव्हती, उठलेली होती, पिसं फुलवून. लांबवर गुरगुर झाली आणि शेतात एकच पळापळ. ओटीतला कापूस पोत्यात, पोती डोक्यावर, डोक्यावरून शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या स्लॅबच्या खोलीत. अप्पाराव दारात उभे राहून पोती मोजून आत घेत होते. शेवटचं पोतं गेलं, त्यांनी कुलूप लावलं, डोक्यावर टॉवेल टाकला आणि मोटारसायकलवर गावाकडं निघून गेले. बाया वळल्या आणि चिंचेखाली आल्या.

संस्कृतीनं पहिल्यांदा ते नीट बघितलं. कापूस स्लॅबखाली. बाया चिंचेखाली.

"आई, खोलीत का नाही थांबत?"

"चिखलाचे पाय घेऊन कापसात? मळला तर अप्पा काय म्हणंल?"

कौसाबाई घागरीत तांब्या बुडवत म्हणाली, "साळू, पोरगी मास्तरीण झाली म्हणं तुही. आता आम्हाला बी शिकवती का काय? मला पाढे नाय येत, आधीच सांगते."

बाया खळखळून हसल्या. ढग वर येता-येता वळला आणि खुलताबादकडं निघून गेला.  संस्कृती घागर बघत होती. बाया तहान लागली की घागरीकडं येतात. घाम पुसायला घागरीकडं. भाकरीला घागरीकडं. दिवसातून दहा वेळा पाय इथं येतात, मग अकराव्यांदा ढग गडगडला की पाय आणखी कुठं जाणार. ही बिनआवाजाची घंटाच होती, लिंबाऐवजी चिंचेखाली ठेवलेली.

तिनं घागर काखेत घेतली आणि खोलीकडं निघाली. पाणी हिंदकळलं, निम्मी कूस भिजली. खोलीला कुलूप. संध्याकाळी अप्पाराव आले तेव्हा तिनं विचारून बघितलं.

"घागर आत?" अप्पा म्हणाले. "अन् सांडली म्हंजे? ओल्या कापसाला कोण इचारतं बाजारात? तू अभ्यास कर, बाळा."

ते रागानं बोलले नव्हते, म्हणून तर त्यांच्याशी भांडताही येईना. घागर परत चिंचेखाली गेली. त्या संध्याकाळी संस्कृती आरशापुढं उभी राहिली आणि तिला काहीच बोलावंसं वाटलं नाही.

सोमवारी सोनियानं विचारलं, "ताई, तुझं तोंड असं का?"

संस्कृतीनं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, ती नुसतं फळ्यावर काढत गेली. हे शेत. ही खोली, हिच्यात कापूस. ही चिंच, हिच्याखाली बाया. सोनिया बराच वेळ चित्राकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "ताई, कापूस उंच असतो का?"

"नाही."

"हं," सोनिया म्हणाली, आणि रिबीन चावत जागेवर जाऊन बसली.

गुरुवारी मधल्या सुट्टीत अप्पाराव स्वतः शाळेत आले. पांढरी टोपी, धोतराचा सोगा हातात. व्हरांड्यात उभे राहून त्यांनी मामांना विचारलं, "ती इजेची मास्तरीण कोणती?"

संस्कृतीच्या हातातला डबा हातातच राहिला.

"तीन दिवस झाले, ही पोरगी मला जेवू देईना," अप्पा म्हणाले. शेजारी सोनिया उभी होती, अगदी गरीब चेहरा करून. "म्हणती, अप्पा, कापूस तर उंच नसतो, इजेला तो दिसत बी नाय, मग तुम्ही कापूस आत अन् बाया बाहेर का ठेवता? म्हणलं गप. काल जेवताना आभाळ चमकलं, तर माझा घास धरून म्हणती, मोजा अप्पा. मोजलं. बारा आले." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "त्या चिंचेखाली माझी माय बी बसायची. मी लहान असताना. कधी डोक्यातच आलं नाय."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. पितळेची, सुतळीत ओवलेली. "एक कोपरा झाडून घ्या. बारदान टाका पायाला. घागर ठेवा तिथं. कापसाला शितोडा लागला तर मात्र तुला धरीन."

"किल्ली माझ्या आईकडं द्या, अप्पा."

"आन् ती का म्हणून? कौसाबाई थोरली हाय."

"आई सगळ्यात शेवटी हलते," संस्कृती म्हणाली. "सगळ्या गेल्या की मग स्वतः. किल्ली तिच्याकडं असली तर तिला सगळ्यात आधी निघावं लागंल. नाहीतर बाकीच्या दाराशी भिजतील."

अप्पांनी तिच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "वकील हो तू," ते म्हणाले. "मास्तरकीत नको अडकू."

घागर खोलीत गेली. भाकरी मात्र चिंचेलाच टांगलेल्या राहिल्या, कारण सावली ती सावली, ऊन असताना जेवायला तीच बरी, आणि त्याला संस्कृतीचीही हरकत नव्हती. कौसाबाई रोज कुरकुरायची, "घोटभर पाण्यापायी खुलताबाद गाठल्यासारखं झालं बाई." पण तहान काय ऐकते. दिवसातून दहा वेळा पाय खोलीकडं जायला लागले. आठवडाभरात कपाशीच्या ओळींतून एक बारीक पायवाट उमटली, पांढऱ्यातून तपकिरी, भांगासारखी. कमरेला किल्ली खोचून साळूबाई रोज कामाला जायची. संस्कृतीनं विचारलं की एवढंच म्हणायची, "टोचती लई."

मग तो दिवस आला. दुपारचे साडेतीन. किल्ला दिसेनासा झाला, मिनार तेवढा ढगात सुई खोचल्यासारखा उरला, आणि मामांनी व्हरांड्यात घंटा बडवली. घंटा झाली की संस्कृतीनं चौथीच्या वर्गात जायचं असं ठरलं होतं. ती गेली, दार लावलं, एकतीस डोकी मोजली आणि काचेला नाक लावणार तेवढ्यात विजेत खिडकीशी थांबायचं नसतं हे आठवलं, म्हणून मागं सरकली.

चमकलं. पोरं मोजायला लागली. अकराला गडगडलं.

पुन्हा चमकलं. सात.

इथून रेल्वेचे रूळ दिसत नव्हते, चिंच दिसत नव्हती, खोलीही नाही. दिसत होता नुसता पाऊस. सोनियानं येऊन तिचं बोट धरलं. तिसऱ्यांदा सगळा वर्ग पांढरा झाला, फळा, बाक, रिबिनी, सगळं कापसासारखं, आणि मग तो मधला काळ सुरू झाला, प्रकाश येऊन गेलेला आणि आवाज अजून वाटेत असलेला. संस्कृतीला वाटलं, हा एक अरुंद पूल आहे आणि आपण त्यावरून पळतोय.

एक. आईनं वर बघितलं.

दोन. आईनं चिंचेकडं बघितलं.

तीन. आईचा हात कमरेला गेला का?

चार, म्हणायच्या आत आभाळ फाटलं. बाकं हादरली. कुणीतरी रडायला लागलं, तर सोनिया त्याला म्हणाली, "पाय जवळ घे आणि बस. मी पण बसलेय ना."

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, हे संस्कृतीनंच शिकवलेलं होतं. स्वतःचा नियम इतका लांबलचक असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. अर्धा तास झाला आणि ती घराकडं सुटली. सीताफळाच्या झाडांशी एक शब्द नाही.

आई उंबऱ्यात बसून पायाचा चिखल काढत होती.

संस्कृती फाटकालाच धरून उभी राहिली. पळून-पळून छातीत श्वास मावेना. शेवटी तिनं विचारलं, "कापूस?"

"कापूस बी आत, आम्ही बी आत. कौसाबाईनं पोत्याला पाठ लावली आन् घोरायलाच लागली. आभाळ मोठं गाजतंय का ती, काही समजंना."

"आणि तू? शेवटी गेलीस?"

"शेवटी कशी जाऊ? किल्ली कुणाकडं होती?" साळूबाईनं दुसरा पाय पुढं घेतला. "चमकलं तशी मोजत निघाले. सतरा आले, म्हणलं तिसाच्या आत हाय. मग अकरा आले. मग नाय मोजलं, पळाले."

"मोजायला तुला कुणी शिकवलं?"

"रोज सकाळी आरशापुढं बडबडती ती कोण? मला काय कान नाय?"

संस्कृतीनं आईच्या शेजारी बसकण मारली आणि तिच्या ओल्या खांद्याला गाल लावला. आई म्हणाली, "सरक, चिखल लागंल," पण स्वतः सरकली नाही.

"चिंचेवर पडली का गं?"

"नाय. कुठंच नाय पडली. नुसती भिजत उभी होती बिचारी."

म्हणजे काहीच झालं नव्हतं. संस्कृतीनं ते मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितलं. काहीच झालं नाही. आयुष्यात इतकं काम करून काहीच न होण्याचा तिला पहिल्यांदाच इतका आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी ती शेतात गेली. आभाळ धुतल्यासारखं होतं. चिंच अजून थेंब-थेंब गळत होती, एकटीच, निवांत. तिच्या बुडाशी, जिथं इतकी वर्षं घागर बसायची, तिथं मातीत एक गोल खळगा पडलेला होता. त्यात रात्रीचं पाणी साचलं होतं, आणि पाण्यात एक छोटा पांढरा ढग हळूहळू एका काठाकडून दुसऱ्या काठाकडं चालला होता.

संस्कृती त्याच्या शेजारी जरा वेळ बसली. मग घंटा ऐकू आली, लांबून, व्हरांड्यातून. तिचे पाय आपोआप उठले.